टांगून ठेवलेली जागा

३ जून, सोमवार, दुपारी

धाकटे,

सगळ्यात आधी टपकली ती चष्म्याच्या दुकानातली. आमचं शटर अजून अर्ध्यावरच होतं. ती वाकून आत शिरली आणि कमरेत सरळ व्हायच्या आत ओरडली, "आजी, तोंड गोड करा! पोरगी विद्यापीठात लागली!" मी कपड्यांवर पाणी शिंपडत होते, तो सगळा शिडकावा तिच्या तोंडावर. तिला काही वाटलं नाही, पुसायचं फडकं तिच्या हातात असतंच. मला मात्र वाटलं. माझी नात, माझ्या मांडीवर वाढलेली, आणि बातमी मला चष्मेवालीकडून! तिच्यामागून कोपऱ्यावरचा घड्याळवाला आला, मग सूनबाईची बहीण. ती तर दारातच रडायला लागली. आत कोणी गेलं की काय असं वाटून एक गिऱ्हाईक कपड्यांची चिठ्ठी न दाखवताच परत फिरलं.

अक्षर ओळखलंस ना? चौथीनंतर ते सुधारलेलं नाही. शाळा तू शिकलीस, मी इस्त्री शिकले. आमचे हे गेले तेव्हा भरल्या घरात तू म्हणालीस, "ताईचं सगळं आयुष्य वाफेत गेलं." तेव्हापासून आपलं बोलणं नाही. ते मी विसरलेले नाही, पण आजचं पत्र त्याबद्दल नाही. आजचं पत्र आनंदाचं आहे आणि मला तो पोटात ठेवता येत नाहीये.

तर ती नात, भिंगरी. तू बघितलीस तेव्हा काउंटरखाली कपड्यांच्या गाठोड्यावर झोपायची. आता काउंटरवरून गिऱ्हाइकांना दम देते. सगळे दुकानात कल्ला करत होते आणि ही मागच्या खोलीत पालथ्या बादलीवर बसून फोनकडे बघत होती. शेठ आत गेले. (शेठ म्हणजे माझा मुलगा, तुझा भाचा. लाँड्री आता तो बघतो म्हणून मी शेठ म्हणते. तो चिडतो, म्हणून जास्तच म्हणते.) तो म्हणाला, "काय गं, खरं का?"

"खरंय. पण जायचं की नाही ते माझं मी ठरवीन."

आता यात ठरवायचं काय? एवढं मोठं सरकारी विद्यापीठ, लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. तिला रसायनाचा विषय मिळालाय. लहानपणापासून डाग कशानं निघतो यापेक्षा का निघतो हेच विचारून तिनं डोकं खाल्लंय. पण सूनबाईनं मला डोळ्यानं गप्प केलं.

विद्यापीठ तुझ्याच शहरात आहे. तो योगायोग, माझा त्यात हात नाही. वसतिगृहात पहिल्या वर्षाला जागा मिळेलच असं नाही, असं म्हणे त्यांनी कळवलंय.

तुझी सून बरी आहे ना? तुमची ती वरची खोली कोणी वापरतं का? सहज विचारलं. वरच्या खोल्या बंद ठेवल्या की ओल धरतात.

तुझी ताई

८ जून, शनिवार, सकाळी

धाकटे,

काल आम्ही विद्यापीठ बघून आलो. नव्या मुलांना बघायला बोलावतात. भिंगरी म्हणाली एकटी जाते, मी म्हणाले मीपण येते, शेठ म्हणाले दुकानात माणूस कोण, मी म्हणाले तुम्ही. झालं.

अगं काय ते! आपलं अख्खं गाव त्यांच्या एका आवारात बसेल आणि सायकली लावायला जागा उरेल. आत बस फिरते, विद्यापीठाच्या आतल्या आत. मला तर वेड लागायची वेळ आली. भिंगरी कसल्याशा रांगेत उभी राहिली आणि मला म्हणाली, "आजी, तू या बाकावरून हलू नकोस." मी कशाला हलते? पण समोरून मुलामुलींचा लोंढा आला, एक दार उघडलं, आतून पंख्याचा गार वारा आला, आणि पाय आपोआप गेले.

आत सिनेमाचं थिएटर असतं ना, तसं. पायऱ्यापायऱ्यांनी बाकं आणि खाली एक गृहस्थ. मी वरच्या बाकावर टेकले. म्हटलं दोन मिनिटं गुडघ्यांना आराम द्यावा. तर त्या गृहस्थानं गांडुळावर बोलायला सुरुवात केली. गांडुळावर, धाकटे! आणि असं बोलला, असं बोलला की मला उठवेना. गांडुळाला म्हणे एक सोडून कितीतरी हृदयं असतात. मी शेजारच्या मुलीला विचारलं, "खरं का गं?" तिनं तोंडातलं पेन काढलं, म्हणाली, "परीक्षेला येतं," आणि मला एक कोरा कागद दिला. मी गांडूळ काढलं. बरं आलं.

एवढ्या सगळ्यांत मला एकानं विचारलं नाही की बाई तुम्ही कोण, कोणाच्या, इथे काय करताय. तुला ठाऊक आहे, आपल्याला दोन घरं चालत गेलो तरी कोण कुठली सांगावं लागतं. मी अमक्याची मुलगी, मग तमक्याची बायको, मग लाँड्रीवाली आजी. तिथे मी कोणाचीच कोणी नव्हते. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! इस्त्री उचलून ठेवल्यावर मनगटाला वाटतं ना, तसं.

बाहेर आले तर भिंगरीचा चेहरा पांढरा. शोधून शोधून दमलेली. मी सगळं सांगितलं, गांडूळ दाखवलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "म्हणजे तू एवढा वेळ आत बसलीस आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही?"

"कोणाच्याच नाही!"

"मग मी चार वर्षं बसले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, आजी."

बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून होती. मी ज्याच्यावर खूश झाले त्याचीच तिला धडकी भरलीय. मी गांडुळाच्या कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

तुझ्याकडे यायला वेळच मिळाला नाही. बस लगेच होती.

तुझी ताई

१२ जून, बुधवार

धाकटे,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांत एक ओळ, आणि तीही काय: "पायरीपर्यंत आली होतीस तर बेल वाजवायला काय झालं होतं?"

म्हणजे तू पडद्याआडून बघत होतीस. आणि मग दार उघडायला काय झालं होतं, ते मीही विचारू शकते. ते जाऊ दे. पडदे छान आहेत, पण वाळवताना ओढून वाळवत जा, खालची कड गोळा झालीय.

इथे सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. मी दुकानातून घरात, घरातून दुकानात. सूनबाई म्हणते, "आई, एका जागी बसा, मला चक्कर येते." शुक्रवारपर्यंत विद्यापीठाला कळवायचंय, येते म्हणून. आणि भिंगरी काही बोलेल तर शपथ! सकाळी जाते म्हणते, दुपारी नको म्हणते, संध्याकाळी विचारलं की शर्टाच्या बाह्या दाबत बसते.

त्यात काल आपल्या गल्लीतल्या कॉलेजच्या प्राचार्यबाई आल्या. त्यांचे कोट आपल्याकडेच येतात. करडा कोट टाकला आणि काउंटरवर कोपर टेकून भिंगरीला म्हणाल्या, "आमच्याकडे ये. पहिल्या बाकावर बस. एक दिवस आली नाहीस तर दुसऱ्या दिवशी मी तुझ्या आजीला विचारायला येईन." भिंगरीचा चेहरा असा उजळला! मला प्राचार्यबाईंचा राग आला आणि रागावण्यासारखं त्या काही बोलल्या नव्हत्या, त्यामुळे जास्तच आला. त्यांच्या कॉलेजात रसायन शिकवायला एकच सर आहेत आणि त्यांनाच क्रिकेटही शिकवायला लागतं.

रात्री जेवताना शेठनी निकाल दिला. "घाई कशाला? जागा तिच्या नावाची आहे ना? मग राहील. दोन महिन्यांनी वाटलं तर जाईल."

आणि मीपण मान डोलावली. म्हणाले, "अगदी. नावाची वस्तू कुठे जाते?"

तुला आमची पद्धत माहीत आहे. यांनी घालून दिलेली. एकदा चिठ्ठी फाडली की कपडा त्या माणसाचा, तो कधीही येवो. मागच्या दांडीवर वकिलाचा काळा कोट आहे, वकील वारले, मुलगा परदेशी आहे, आम्ही अजून कोटाला ऊन दाखवतो. विद्यापीठ तर सरकारी. ते आमच्याहून नक्कीच नीट ठेवत असतील.

भिंगरीनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "हो ना?" तिला सुटल्यासारखं झालं. काल ती पोटभर जेवली.

वरच्या खोलीचं तू काही लिहिलं नाहीस. मी विचारलं होतं असं नाही, ओलीबद्दल म्हटलं होतं.

ताई

१९ जून, बुधवार

धाकटे,

जागा गेली.

सोमवारी निरोप आला. तुम्ही मुदतीत कळवलं नाही, सबब जागा पुढच्या उमेदवाराला दिली. शेठनी तीन वेळा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पण तिच्या नावाची होती." मग अजून एकदा तेच. नंतर आत जाऊन वकिलाच्या कोटासमोर उभे राहिले. मला पोराची एवढी दया आली, धाकटे. लाँड्रीतला माणूस लाँड्रीसारखाच विचार करणार. आणि मीही काय वेगळी!

भिंगरी म्हणाली, "बरं झालं. ठरवायचं संपलं." आणि शीळ वाजवायला लागली. दोन दिवस शीळ. चादरींचे ढीग संपवले, हॉटेलवाल्याचे टेबलक्लॉथ संपवले, सूनबाईच्या हातातला रुमाल ओढून घेऊन त्यालाही इस्त्री केली. सूनबाई खूश, म्हणाली पोरगी सावरली. एवढी शीळ मला पसंत नव्हती.

आज सकाळी जळका वास आला. मी पुढे दुकानात, वास मागच्या खोलीतून. धावत गेले तर प्राचार्यबाईंचा करडा कोट टेबलावर, कॉलरवर इस्त्रीचा तांबडा ठसा, आणि भिंगरी इस्त्री हातात धरून उभी. तिच्या हातून आजवर रुमालसुद्धा जळला नव्हता. मी इस्त्री काढून घेतली, बटण बंद केलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "आजी, मला हवं होतं गं. मला ते हवं होतं."

"मग म्हणाली का नाहीस?"

"तिथे हरवेन असं वाटत होतं. आता वाटतं इथे राहिले तर रोज त्याच बादलीवर बसून तिकडचा विचार करीन."

तू माझ्या जागी असतीस तर काहीतरी शहाणं बोलली असतीस. मी तिच्या शेजारी खाली बसले. मला पुन्हा उठवायला शेठना बोलवावं लागलं.

संध्याकाळी प्राचार्यबाई कोट न्यायला आल्या. भिंगरीनं स्वतः पुढे केला, कॉलर वर करून. बाईंनी कोट बघितला, पोरीचे सुजलेले डोळे बघितले आणि म्हणाल्या, "हिला मी आता कॉलेजात घेत नाही. माझे सगळे कोट संपवेल." मग खुर्ची ओढून बसल्या. त्यांना सगळं सांगितलं. जागा टांगून ठेवायचं ऐकून त्या इतक्या हसल्या की चष्मेवाली बघायला आली. मग त्यांनीच सांगितलं की शेवटची एक फेरी असते. जे आले नाहीत त्यांच्या जागा भरायला उरलेल्यांना समोर बोलावतात. स्वतः जायचं, बसायचं, नाव पुकारतील तेव्हा हजर असायचं. मिळाली तर मिळाली. पुढच्या मंगळवारी आहे.

"पण तिथे गर्दी फार असते हं," त्या भिंगरीला म्हणाल्या.

भिंगरीनं तो कोट त्यांच्या हातातून परत घेतला, म्हणाली, "कॉलर उलटून शिवून देते."

ताई

२५ जून, मंगळवार, सकाळी

धाकटे,

भिंगरी पहाटेच्या गाडीनं गेली. एकटी. मी चपला घालून तयार होते, तर म्हणाली, "आजी, तू आलीस तर मी तुझ्या मागे उभी राहीन." आता यावर काय बोलणार? चपला काढल्या.

शेठनी आज एकाच माणसाला दोन चिठ्ठ्या दिल्या. सूनबाई सारखी फोन बघते. मला बसवत नाही, उभं राहवत नाही. म्हणून लिहिते.

दुपारी

तिचा एकदा फोन आला. मोठा हॉल आहे, पायरीवर बसलेय, नावं पुकारताहेत, अजून वरचेच गुण चाललेत. मागे एवढा गलका की मासळीबाजार बरा. विचारलं, "काही खाल्लंस का?" तेवढ्यात कटला. चष्मेवाली येऊन विचारून गेली. घड्याळवाला येऊन विचारून गेला. त्याला म्हटलं, तुझी सगळी घड्याळं आज मागे चालताहेत, जरा बघ.

मला एक भीती वाटते ती कोणाला सांगितली नाही, तुला सांगते. तिला जागा मिळाली नाही तर तिचं काय होईल, ही एक. आणि मिळाली तर माझं काय होईल, ही दुसरी. ती गेल्यावर दुकानात मी बोलणार कोणाशी? शेठ हिशेबात, सूनबाई अबोल. माझी सगळी बडबड ती ऐकते. दुसऱ्या भीतीची मला लाज वाटते, पण आहे.

संध्याकाळी

आज नाव आलंच नाही. उरलेली नावं उद्या पुकारणार. एवढंच कळवलं आणि तिच्या फोनची बॅटरी गेली. म्हणजे पोरगी रात्री तुमच्या त्या एवढ्या मोठ्या शहरात एकटी. शेठ निघायला लागले तर शेवटची गाडी गेलेली. सूनबाई माझ्याकडे बघते, शेठ माझ्याकडे बघतात. कोणी तुझं नाव घेत नाही.

मग मी फोन उचलला. तुझा नंबर मला पाठ आहे. कसा ते विचारू नकोस.

पुढचं तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते, मला पुन्हा एकदा ऐकायचंय. तू उचललास. मी नुसतं "हॅलो" म्हणाले. आणि तू, इतक्या वर्षांनी, जणू सकाळीच बोललो होतो असं म्हणालीस, "आलीय. जेवतेय. हात धुतले की फोन देते तिच्याकडे."

तिनं स्वतः शोधून बेल वाजवली! मी तिला पत्ताही दिला नव्हता. नुसती त्या दिवशी तुझ्या पायरीशी उभी होती माझ्याबरोबर, तेवढंच.

शेठ विचारत होते, "काय झालं? काय झालं?" आणि मी फोन कानाला तसाच धरून. सूनबाईनं फोन हातातून घेतला.

ताई

२८ जून, शुक्रवार

धाकटे,

काल भिंगरीला इथे पोहोचवून तू आणि सून संध्याकाळी गाडीत बसलात आणि मला सगळं बोलायचं राहिलेलं आठवलं. म्हणून पुन्हा पत्र. तुझी सून म्हणेल, आत्ता तर भेटल्या!

तुम्ही गेल्यावर सगळ्यात आधी आली ती अर्थात चष्मेवाली. "कोण होत्या त्या? नाक अगदी तुमच्यासारखं." मी म्हणाले माझी बहीण. तिला ठाऊकच नव्हतं मला बहीण आहे. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

भिंगरीनं ते हॉलमधलं तुमच्यासमोर नीट सांगितलं नव्हतं, रात्री मला सांगितलं. बुधवारी तिचं नाव पुकारलं तेव्हा मागे दोन जण भांडत होते, पुकारणाऱ्यानं नाव अर्धवट वाचलं, आणि कोणीच हललं नाही म्हणून तो पुढच्या नावाकडे वळला. ही वरच्या पायरीवर. तिनं वाट बघितली की कोणीतरी म्हणेल, अहो थांबा, ती तिकडे बसलीय. पण तिथे तिला ओळखणारं होतं कोण? मग ती उठली आणि ओरडली, "मी आहे! मी इथे आहे!" सगळा हॉल मागे वळला. म्हणाली, "आजी, मी गिऱ्हाइकावर ओरडते ना, तश्शी ओरडले." पुकारणारा म्हणाला, "अहो मग खाली या की, ओरडता काय!" आणि सगळे हसले, आणि ती लोकांच्या मांड्यांवरून, पिशव्यांवरून खाली गेली. जागा मिळाली, सही केली. तिथे म्हणे एक मुलगी तिला म्हणाली, "आवाज भारी आहे हं तुझा." तिचं नावही विचारून आलीय. म्हणजे आत्ताच एक ओळखीची झाली.

मी विचारलं, भीती गेली का? म्हणाली, "नाही. पण जातेय ना."

तू दुकानात आलीस आणि मागच्या खोलीत इस्त्रीजवळ उभी राहिलीस ते मी बघितलं. वाफेनं चष्मा धुरकटला तो काढलास, पुसलास, पुन्हा घातलास, आणि तिथेच उभी राहिलीस. मला वाटलं होतं तू काही म्हणालीस की मी काय काय सुनवीन, वर्षानुवर्षं घोळवून ठेवलंय सगळं. मग तू म्हणालीस, "मला एक दाबून बघू दे," आणि शेठच्या शर्टाला चुणी पाडलीस. अगं, पाठीकडून सुरू करायचं नसतं, आधी कॉलर, मग खांदे. पुढच्या वेळी दाखवते.

वरच्या खोलीबद्दल तू म्हणालीस की ओल नाही, ऊन येतं, आणि भिंगरीनं बघितलीय. तिथे राहण्याचं काय घेशील हे शेठनी विचारलं तर तू त्यांच्याकडे असं बघितलंस की ते कपाटामागे गेले. त्यांना मी सांगितलं, मावशीला काही विचारायचं नसतं. कपडे मात्र आम्हीच धुणार, तुमचे सगळ्यांचे, पडद्यांसकट. ते मी ठरवलंय, त्यात बदल नाही.

भिंगरी सकाळपासून बॅग भरते आणि रिकामी करते. शेठ दर तासाला म्हणतात की एवढ्या लवकर कशाला जायला हवं, आणि दर तासाला दोरी, कुलूप, अजून एक पिशवी आणून देतात. मी आज दुकानात फार बोलले नाही. सवय करून बघितली. जमलं नाही, घड्याळवाल्याला बोलावून बसवलं.

तू आणि सून परवा रविवारी सकाळच्या गाडीनं येतो म्हणालीस, तिला न्यायला. जेवूनच निघा, तेवढ्यात तुला कॉलर दाखवते.

तुझी ताई